शिरगणती: नवा फॉलोअर आला हे कळतं कसं?

परवा ऑफिसात एक रिक्वायरमेंट डॉक्युमेंट वाचत होतो. त्यात एक वाक्य होतं: नवीन फॉलोअर आल्याचं सिस्टिमला 'नियर रिअल टाइम' कळलं पाहिजे. शेजारच्या खुर्चीवरच्या फ्रेशरने अगदी निरागसपणे विचारलं, "नियर म्हणजे नक्की किती जवळ?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. मग काय, अख्खा शनिवार या प्रश्नाच्या मागे गेला. हा त्याचाच वृत्तांत. (चहा घेऊन बसा, जरा पाल्हाळ होणार आहे. :))

आधी नळाची गोष्ट. आमच्याकडे पूर्वी पाण्याची वेळ नक्की नसे. आई दर दहा मिनिटांनी मोरीत जाऊन नळ फिरवून बघायची. आजीची पद्धत वेगळी होती. ती रात्री नळ उघडाच ठेवायची आणि खाली रिकामी बादली लावायची. बादलीत धार पडली की त्या आवाजाने सगळं घर जागं!

संगणकाच्या भाषेत आईची पद्धत म्हणजे पोलिंग. ठराविक वेळाने जाऊन विचारायचं, "आलं का?" आजीची पद्धत म्हणजे इंटरप्ट किंवा पुश. आपण निवांत झोपायचं, घटना घडली की तीच आपल्याला उठवते. पोलिंग म्हटलं की आपल्याला मतदान आठवतं, आणि ते बरोबरच आहे. जुन्या इंग्रजीत 'पोल' म्हणजे डोकं. डोकी मोजायची म्हणून पोल. आपल्याकडे शिरगणती हा शब्द हुबेहूब त्याच अर्थाचा आहे. फॉलोअर मोजायला याहून चपखल शब्द मिळणार नाही.

आता वाटेल की आजीची पद्धत सरळसरळ हुशारीची, मग आईने एवढ्या फेऱ्या का मारायच्या? पण आजीच्या पद्धतीला घाबरणारी माणसंही साधीसुधी नव्हती. एड्सगर डाइक्स्ट्राने १९५९ मध्ये पीएचडी केली ती इलेक्ट्रोलॉजिका एक्स-१ या डच संगणकाच्या इंटरप्टवरच. पुढे त्याने स्वतःच सांगितलं आहे की या कल्पनेने त्याला धडकी भरली होती. कारण उघड आहे. इंटरप्ट कुठल्याही दोन सूचनांच्या मध्ये टपकू शकतो, त्यामुळे एकदा दिसलेली चूक पुन्हा तशीच घडवून बघता येत नाही. पोलिंगचं तसं नाही. ते मंद असेल, पण ते आपल्या वेळेला आणि आपल्या शिस्तीत चालतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तर ट्विटर. २००६ च्या जुलैमध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याचा एपीआय आला. नवीन फॉलोअर आला की ट्विटर तुम्हाला ईमेल पाठवायचं. माणसासाठी हे पुरेसं होतं, पण प्रोग्रामसाठी काय? कोणाला नव्या फॉलोअरला आपोआप 'धन्यवाद' पाठवायचं होतं, कोणाला आपोआप उलट फॉलो करायचं होतं. तेव्हा लोकांनी मस्त जुगाड केला. त्या ईमेलच्या हेडरमध्ये हा मेल नव्या फॉलोअरचा आहे आणि तो फॉलोअर कोण, हे यंत्राला वाचता येईल असं लिहिलेलं असायचं. टॉपिफायसारख्या सेवा तुम्हाला एक वेगळा ईमेल पत्ता द्यायच्या. तो ट्विटरला दिला की मेल आधी त्यांच्याकडे जायचा, त्यांचा प्रोग्राम तो वाचायचा आणि पुढची कामं करायचा. म्हणजे आजीची बादली! फक्त धार ईमेलची.

पण कोणी तुम्हाला सोडून गेलं तर? त्याचा ईमेल येत नसे. २००८ मध्ये क्विटर नावाची सेवा निघाली. कोणी अनफॉलो केलं की ती तुम्हाला कळवायची, आणि वर तुमच्या कुठल्या ट्विटनंतर तो गेला हेही. (जखमेवर मीठ!) हे कळवण्यासाठी तिच्याकडे एकच मार्ग होता: यादी मागायची, ठेवून द्यायची, काही वेळाने परत मागायची आणि दोन्ही ताडून बघायच्या.

पोलिंगचं मर्म इथेच आहे. तुम्हाला घटना दिसत नाही. तुम्हाला दिसतात दोन फोटो, आणि घटना आहे त्यांच्यातला फरक. दुसऱ्या यादीत आहे पण पहिलीत नाही, तो नवा. पहिलीत होता पण दुसरीत नाही, तो गेला. आणि दोन फोटोंच्या मधल्या वेळात येऊन गेलेला? तो तुमच्या लेखी कधी आलाच नाही.

वाचायला सोपं वाटतं, पण खाचखळगे बघा. ट्विटरची यादी सर्वसाधारणपणे 'सर्वात नवा आधी' अशा क्रमाने येई. (हा क्रम न सांगता बदलू शकतो, असा इशारा कागदपत्रांत होताच.) म्हणून आळशी प्रोग्रामर काय करतो? मागच्या वेळचा पहिला माणूस लक्षात ठेवतो, यादी वरून वाचत जातो आणि तो माणूस भेटेपर्यंतचे सगळे नवे समजतो. आता नेमका तोच माणूस मधल्या वेळात अनफॉलो करून गेला तर? तो भेटतच नाही. स्क्रिप्ट यादीच्या तळापर्यंत जाते आणि वर्षानुवर्षांच्या फॉलोअर्सना 'नव्याने आल्याबद्दल धन्यवाद' पाठवून मोकळी होते. म्हणून खूण एकावर ठेवायची नाही, माहीत असलेला सगळा संच ठेवायचा. शिवाय सस्पेंड झालेली खाती यादीतून गायब होतात आणि बहाल झाली की परत उगवतात. ती नवी नव्हेत.

आता 'नियर' चा हिशेब करू. ट्विटरच्या एपीआयवर रेट लिमिट होती. २००९ मध्ये सर्वसामान्यांना तासाला १५० विनंत्या, आणि अर्ज करून 'व्हाइटलिस्ट' झालेल्यांना तासाला २०,०००. नव्या व्हाइटलिस्टिंगचं दार २०११ मध्ये बंद झालं. २०१३ पासून सक्तीच्या झालेल्या १.१ आवृत्तीत फॉलोअर्सच्या आयडींची यादी १५ मिनिटांत १५ वेळा मागता येई आणि एका वेळी ५,००० आयडी मिळत. म्हणजे मिनिटाला एक विनंती. तुमचे फॉलोअर ५,००० च्या आत असतील तर दर मिनिटाला पूर्ण फोटो मिळणार. नवा माणूस सरासरी अर्ध्या मिनिटात आणि फार तर एका मिनिटात कळणार. हे झालं आपलं नियर रिअल टाइम.

पण मोठ्या खात्यांचं काय? एप्रिल २००९ मध्ये अ‍ॅश्टन कुचर आणि सीएनएन यांच्यात दहा लाख फॉलोअर आधी कोण गाठतो अशी शर्यत लागली होती आणि कुचरने ती जिंकली. दहा लाखांची यादी १.१ च्या नियमाने मागायची तर २०० विनंत्या, म्हणजे २०० मिनिटं. तीन तास वीस मिनिटं चालणारा एक फोटो! शेवटचं पान येईपर्यंत पहिलं शिळं. नवे तेवढे पहिल्या पानावर मिनिटाभरात सापडतील, पण गेलेले शोधायचे तर पूर्ण फोटो लागतो. येणारा चटकन कळतो आणि जाणारा उशिरा. (माणसांचंही असंच असतं म्हणा. असो.)

हे झालं विचारणाऱ्याचं दुखणं. ज्याला विचारलं जातं त्याचं काय? जुलै २००८ मध्ये ऑस्कॉन परिषदेत इव्हान हेनशॉ-प्लॅथ आणि केलन एलियट-मॅक्री यांनी एक आकडा मांडला होता. फ्रेंडफीड नावाची सेवा लोकांचे फ्लिकरवरचे नवे फोटो गोळा करून दाखवायची. २१ जुलै २००८ या एका दिवसात तिने फ्लिकरला २९ लाख वेळा विचारलं, ४५,७५४ लोकांसाठी. त्यातल्या फक्त ६,७२१ जणांनी त्या दिवशी काही फोटो चढवला असण्याची शक्यता होती. भागाकार करा. दर माणसामागे दिवसाला सुमारे ६३ फेऱ्या, म्हणजे साधारण २३ मिनिटांना एक. आणि शंभरातल्या ८५ जणांच्या बाबतीत दिवसभराचं उत्तर एकच: "नाही, काही नवीन नाही."

गंमत म्हणजे फ्रेंडफीडवालेही काही अडाणी नव्हते. जीमेल लिहिणारा पॉल बुकहाइट त्यांच्यापैकीच एक. त्याच वर्षी त्यांनी सुचवलं की प्रत्येकाला वेगवेगळं विचारण्यापेक्षा सेवेने 'इतक्यात कोणाकोणाकडे बदल झाला' एवढी एकच छोटी यादी लावावी, आम्ही तेवढीच बघू. चाळीत प्रत्येक खोलीचा नळ फिरवण्यापेक्षा जिन्याजवळ एक फळा लावावा, तसं. २००९ मध्ये गूगलच्या इंजिनियरांनी पबसबहबबब काढलं. (नाव टाइप करतानाच निम्मे लोक गळाले असतील!) त्यात बदल झाला की मधला हब तुम्हाला स्वतःहून कळवतो. जानेवारी २०१८ मध्ये तेच 'वेबसब' या सुटसुटीत नावाने डब्ल्यूथ्रीसीचं प्रमाण झालं.

ट्विटरनेही पुश दिलं. २०१० मध्ये 'यूजर स्ट्रीम्स' आले. एक कनेक्शन उघडं ठेवायचं. कोणी फॉलो केलं की त्यातून तत्क्षणी घटना वाहत यायची: कोणी, कोणाला, किती वाजता. तारखेसकट! पोलिंग संपलं असं वाटायला हरकत नव्हती. पण दोन गोष्टी होत्या. एक, कनेक्शन तुटायचं. तुटल्यापासून परत जोडेपर्यंत जे घडलं ते कळायला शेवटी यादी मागूनच ताडावी लागे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अनफॉलोची घटना या धारेत होती, पण ती फक्त जाणाऱ्याच्या बाजूला दिसायची. ज्याला सोडलं त्याच्या धारेत काहीच यायचं नाही.

म्हणजे तांत्रिक अडचण कधीच नव्हती. ट्विटरच्या डेटाबेसमध्ये ती नोंद त्या क्षणी होतच होती. कुठली घटना कोणाला सांगायची, हा निर्णय होता. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तो निर्णय मला वाईट वाटत नाही. कोणी हळूच निघून गेला तर दार आपटल्याचा आवाज यजमानाला ऐकवायलाच हवा असं थोडंच आहे?

पण निर्णय घेणाऱ्याला दुसरे निर्णयही घेता येतात. १६ ऑगस्ट २०१८ ला यूजर स्ट्रीम्स बंद झाले. बदली म्हणून जे दिलं त्याचा दर २५० खात्यांना महिन्याला २,८९९ डॉलर होता. ट्वीटबॉट या लोकप्रिय अ‍ॅपने त्या दिवशी आपल्या लोकांना सांगितलं की टाइमलाइन आता एक-दोन मिनिटांनी ताजी होईल, आणि नव्या फॉलोअरची सूचना मिळणारच नाही. थोडक्यात, आठ वर्षं आजीसारखं झोपून झाल्यावर सगळे परत आईसारखे मोरीत फेऱ्या मारू लागले. पुढे जानेवारी २०२३ मध्ये असल्या अ‍ॅप्सना दारच बंद झालं आणि फेब्रुवारीत फुकट एपीआय बंद करण्याची घोषणा झाली. फ्रेंडफीडही कधीच गेलं होतं: २००९ मध्ये फेसबुकने घेतलं, २०१५ मध्ये बंद.

एवढं सगळं झाल्यावर तुम्ही म्हणाल, फॉलोअर एका मिनिटाने उशिरा कळला तर असं काय आकाश कोसळतं? मलाही शनिवारी दुपारपर्यंत तसंच वाटत होतं. मग एक गोष्ट लक्षात आली. ट्विटरच्या फॉलोअर यादीला तारखाच नव्हत्या! कोण आहे ते एपीआय सांगायचा. कधीपासून आहे ते नाही. ज्याने वेळोवेळी फोटो काढून ठेवले, त्याच्याकडेच इतिहास. बाकीच्यांकडे फक्त आज.

यावर २०११ मध्ये एका संशोधकांच्या गटाने भन्नाट युक्ती काढली. त्यांचा पेपर आपल्या हैदराबादला भरलेल्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू परिषदेतला आहे. युक्ती अशी: यादी क्रमाने आहे, आणि प्रत्येक खातं कधी उघडलं ती तारीख मात्र उघड आहे. एखाद्याचं खातं १० मार्चला उघडलं असेल, तर त्याने तुम्हाला १० मार्चच्या आधी फॉलो केलेलं असणं शक्य नाही. आणि यादीत त्याच्यानंतर आलेले सगळेच त्याच्याही नंतरचे. मग ते खातं भले पाच वर्षं जुनं असो. प्रसिद्ध माणसांना तर लोक खातं उघडल्या उघडल्या फॉलो करतात, त्यामुळे हा अंदाज काही मिनिटांपर्यंत अचूक येतो. एकाच फोटोतून अख्खा इतिहास!

आणि याचा उपयोग काय, ते जानेवारी २०१८ मध्ये दिसलं. न्यूयॉर्क टाइम्सने डेवुमी नावाच्या, फॉलोअर विकणाऱ्या कंपनीवर मोठा शोधलेख छापला. त्यांनी गिऱ्हाइकांच्या फॉलोअर्सचे आलेख काढले. आडव्या अक्षावर यादीतला क्रम, उभ्या अक्षावर खातं उघडल्याची तारीख. खऱ्या माणसांचे ठिपके विखुरलेले असतात. विकत घेतलेले फॉलोअर एकगठ्ठा येतात, त्यामुळे त्यांचे ठिपके सलग पट्ट्यासारखे दिसतात. त्या बनावट खात्यांत खऱ्या लोकांची नावं आणि फोटो चोरून वापरले होते. न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलनी चौकशी जाहीर केली. हे सगळं शक्य झालं ते बाहेरच्या माणसाला यादी मागता येत होती आणि ती क्रमाने मिळत होती म्हणून. ज्याच्याकडे घटना आहेत त्याला हे सगळं बसल्या जागी दिसतं. बाहेरच्याला फोटोच जोडत बसावे लागतात. फोटो मागायचीही सोय गेली की मग मालक सांगेल तोच इतिहास.

मला वाटतं पोलिंगच्या या सगळ्या कथेचं सार हे आहे. 'कळलं किती सेकंदांत' हा वरवरचा प्रश्न आहे. खरा प्रश्न असा की घटनेची नोंद कोणाच्या वहीत होते.

नव्या मंडळींनी याचा विचार केलेला दिसतो. मॅस्टोडॉन ज्यावर चालतं ते अ‍ॅक्टिव्हिटीपबही जानेवारी २०१८ मध्येच प्रमाण झालं. त्यात फॉलो करणं म्हणजेच तुमच्या सर्व्हरला एक निरोप पाठवणं. सोडून जाणं म्हणजे दुसरा निरोप. वही तुमच्याच घरात. (सर्व्हरला गेलेला कळतो, पण मॅस्टोडॉन तुम्हाला त्याची सूचना देत नाही. सभ्यता शिल्लक आहे.) ब्लूस्कायने तर सगळ्यांच्या घटनांची धार जगाला खुली ठेवली आहे, अनफॉलोसकट. क्विटरवाल्यांनी हे पाहिलं असतं तर आनंदाने रडले असते. मात्र तिथली तारीख फॉलो करणाऱ्याचं अ‍ॅप लिहितं, म्हणजे ती खोटीही असू शकते.

आणि आता डाइक्स्ट्राची भीती आठवा. मॅस्टोडॉनमध्येही निरोप हरवतात, सर्व्हर बंद पडतात आणि दोन बाजूंच्या याद्या हळूहळू वेगळ्या होतात. म्हणून त्यांनी पुढे एक तपासणी घातली. दोन्ही सर्व्हर आपापल्या यादीचा एक छोटा ठसा काढून ताडतात. जुळला नाही तर पूर्ण यादी मागवायची. म्हणजे काय? शिरगणतीच! वेगासाठी पुश, खात्रीसाठी पोल. आजीची बादली लावलेली असली तरी आई झोपण्यापूर्वी एकदा नळ फिरवून बघतेच.

सोमवारी जाऊन फ्रेशरला उत्तर देणार आहे. 'नियर' म्हणजे समोरचा जितक्या वेळा विचारू देईल तितकं जवळ. आणि टेबलमध्ये दोन वेगळे कॉलम ठेव, 'घडलं कधी' आणि 'आपण पाहिलं कधी'. पहिला बऱ्याचदा रिकामा राहील. राहू दे. पण दुसऱ्यातली तारीख पहिल्यात ढकलू नकोस. आपल्याला न दिसलेल्या वेळेबद्दल आपल्या डेटाबेसने खोटं बोलू नये, एवढं तर आपल्या हातात आहे ना?

चला, नळाला पाणी आलंय बहुतेक. :)